दौलत, तो अर्धा आटा माझा

दौलत,

आज तुझा जलदान विधी झाला. दारासमोर मांडव टाकला होता आणि जरीपटका वस्तीच्या मागची तुमची सगळी गल्ली पांढऱ्या कपड्यांत येऊन बसली होती. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलू लागला. आपल्या यार्डाचे साहेबही आले होते. त्यांनी मेणबत्ती लावली, चष्मा पुसला आणि म्हणाले, दौलत हाडाचा कारागीर होता, माणूस म्हटला की हातून चूक होते, त्याच्याही हातून झाली, पण माणूस सोन्यासारखा. लोकांनी माना हलवल्या. मंदा वहिनी खाली बघत होत्या.

चूक झाली म्हणे! तुला जाऊन आठ दिवस झाले नाहीत, तुझ्याच दारात, तुझ्या बायकोसमोर तुझी चूक निघते, आणि मी तिसऱ्या रांगेत मांडी घालून ऐकतो.

मग कुणीतरी म्हणालं, बबनभाऊ, तुम्ही बोला, तुमचा दोस्त होता. मी उठलो, माइक हातात घेतला. घरून जे बोलायचं ठरवून निघालो होतो ते राहिलं बाजूला, आणि तोंडातून निघालं, "दौलत मला भावासारखा होता." बस. एवढं बोलून खाली बसलो. भैताड तो भैताडच, जन्माचा मूर्ख.

म्हणून हे कागदावर लिहितोय. आणि आधीच सांगतो, मी रडायला बसलेलो नाही. मला राग आलाय. साहेबांचा आलाय, माझा स्वतःचा आलाय, पण सगळ्यांत जास्त तुझा आलाय गा. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू दे.

क्रेनच्या सीटवर मला बसवलं कुणी? तूच. मी खलाशी होतो, साखळ्या ओढायचो, गुलाबच्या जोडीनं भार बांधायचो. जुना ऑपरेटर सोडून गेला तेव्हा साहेब बाहेरून माणूस आणणार होते. तू यार्डाचा फिटर, तू त्यांना म्हणालास, बबनचा हात हलका आहे, त्याला एक महिना द्या. महिनाभर तू माझ्याजवळ पायरीवर उभा राहून शिकवलंस. पंपाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची आणि आतली हवा ऐकायची, हे तू शिकवलंस. पुढे मी आगपेटीवर हूक टेकवून दाखवायचो, पेटी चेपायची नाही, आणि लोक बघायला थांबायचे. तूही थांबायचास. तोंडानं कधी वाहवा केली नाहीस, पण थांबायचास.

तो हलका हातच नडला.

यार्डातली आपली पिवळी क्रेन कुठल्यातरी धरणावरून घासून आलेली. तिचा लांब हात, तो बूम, उचलणारा मोठा सिलिंडर म्हातारा झाला होता. भार लटकवून ठेवला की बूम आपोआप खाली यायचा. साहेबांनी मद्रासला ट्रंक कॉल लावला, आत तेल अडवणाऱ्या रबरी सीलचा संच यायला तीन महिने लागले. तोवर तू सिलिंडरचं नळकांडं आतून घासून आणलंस, दांड्यावर नवा क्रोम चढवून आणलास. आणि सील बसवायच्या दिवशी तू जे केलंस ते मी अजून कुणाला करताना पाहिलं नाही. सील कोमट तेलात ठेवलंस, दांड्याच्या आट्यांवर जुनी एक्स-रे फिल्म गुंडाळलीस, म्हणजे आट्याची धार सीलच्या ओठाला लागायला नको, आणि त्यावरून सील अलगद सरकवलंस. त्या फिल्मवर कुणाच्यातरी बरगड्या होत्या. गुलाब म्हणाला, या बिचाऱ्याला तरी सोड. तू हसलासुद्धा नाहीस, इतका त्या कामात होतास.

आणि तुझी ती भाकरीची पद्धत. सिलिंडर बांधून झाला की पूर्ण भार उचलायचा, लिव्हर सोडून द्यायचं, दांड्यावर खडूची रेघ मारायची आणि सगळ्यांनी तिथंच बाजूला बसून डबा खायचा. जेवण होईपर्यंत रेघ जागेवर राहिली तर क्रेन पास. रेघ आत सरकली तर वरच्या बाजूची नळी खोलून खाली मग्गा धरायचा. सगळ्या यार्डाला तुझं ते वाक्य पाठ होतं, "तेल आलं तं माहं, कोरडं रायलं तं तुहं." म्हणजे मग्ग्यात तेल पडलं तर सील पाझरतंय, दोष फिटरचा. तेल नाही आणि तरी बूम उतरतोय, तर दोष सिलिंडरच्या बुडाच्या लॉक व्हॉल्व्हचा, आणि त्याच्यावर लक्ष ऑपरेटरनं ठेवायचं. किती सोपं होतं. भांडण नाही, तंटा नाही.

त्या दिवशी रेघ केसभरही हलली नाही. तुझं काम चोख होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पण बूम उतरवताना झटके मारायला लागला. उचलताना ठीक, उतरवताना खड खड खड. मी तुझ्यावर चिडलो. म्हटलं, तुझं सील जास्त कडक झालंय, खोल आणि परत कर. तू म्हणालास, आत थोडी हवा आहे, रिकामा बूम वीस वेळा वरखाली कर, बाकीचं सील बसलं की जाईल. "चार दिवस दे गा. नवं हाय, बसू दे त्याले." मी म्हणालो, लोक हसून राहिले मले, दिसत नाही का तुले. तू म्हणालास, हसू दे.

हसू दे! तुझं काय गेलं? तू शेडमध्ये, मी वर केबिनच्या काचेत. बबनचा हात कुठं गेला, असं खलाशी खालून ओरडून विचारायचे. दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी तू सामान आणायला गेला होतास, तेव्हा मी पाना घेऊन सिलिंडरच्या बुडाशी गेलो. इंजिन बंद पडो, नळी फुटो, तेल अडवून बूम जागच्या जागी धरणं हे त्या लॉक व्हॉल्व्हचं काम. त्याच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. त्याला हात लावायचा नाही, हे तू मला पहिल्याच दिवशी बजावलं होतंस. मी नट सोडवला, स्क्रू अर्धा आटा बाहेर घेतला, नट परत आवळला. व्हॉल्व्हची पकड सैल झाली आणि झटके गायब. बूम असा मऊ उतरायला लागला की काय सांगू. त्या दिवशी मी तीन वेळा आगपेटी मागवली.

तू परत आलास तेव्हा मी म्हणालो, बसलं तुझं सील. तू म्हणालास, इतक्यात? आणि वर सिलिंडरच्या बुडाकडे पाहिलंस. पण कुणीतरी हाक मारली आणि तू गेलास.

पुढचे पाच-सहा दिवस भार हलकेच होते. मग तो लांब गर्डर आला. बूम पुढे काढून, पूर्ण भारानं. खाली लाकडी ओंडके सरकवायचे होते म्हणून मी गर्डर हातभर वर धरून ठेवला, आणि गुलाब वाकून ओंडका लावत होता. मी सीटवरच होतो. लिव्हरला हात नव्हता. बूम उतरत होता आणि मला कळलं नाही दौलत, इतका मऊ उतरत होता. झटके असते तर कळलं असतं. गुलाब ओरडला तेव्हा कळलं.

उजव्या हाताची तीन बोटं.

सगळे गुलाबला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात धावले. यार्डात तू आणि मी. तू शिडी लावलीस, वर चढलास, लॉक व्हॉल्व्हकडे पाहिलंस. नटाच्या कडेवर माझ्या पान्याची चमक होती, ती तुला दिसली नसेल असं होणारच नाही. तू मागच्या खिशातून पाना काढलास, स्क्रू अर्धा आटा आत फिरवलास, नट आवळलास आणि बोळ्यानं पुसून काढलंस. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मी काचेआड बसलो होतो. एकदाच पाहिलंस आणि उतरलास.

साहेब आले, मागोमाग दवाखान्यातून परतलेली माणसंही. विचारलं, काय झालं. तू म्हणालास, "सील कटलं असन साहेब. बसवताना कटलं असन. माही चूक हाय."

मी तुझ्यापासून दोन हातांवर उभा होतो.

काहून? काहून बोललास तू ते? कुणी मागितलं होतं तुला? वरची नळी खोलायची, मग्गा धरायचा, तुझाच नियम. दहा माणसं उभी होती. मग्गा कोरडा राहिला असता आणि सगळ्यांना कळलं असतं. दुसऱ्याच्या सिलिंडरला तू मग्गा धरायचास, स्वतःच्या सिलिंडरला काय झालं? ज्या क्रेननं माणूस जायबंदी झाला त्या क्रेनच्या ऑपरेटरला पुन्हा कुणी सीट देत नाही, फिटरला मात्र कुठंही काम मिळतं, हाच हिशोब केला असशील. मला विचारायचं होतंस एकदा! तू मोठा झालास आणि मला जन्मभराचा चोर करून ठेवलंस. अशी माफी कुणी देतं का गा, न मागता, न बोलता? ती माफी नाही, तो माझ्या तोंडावर मारलेला बोळा आहे.

साहेबांनी तुला शेडमधून काढून कन्हानला पाठवलं, नदीच्या वाळूत, पंप दुरुस्तीला. डोक्यावर पत्रा नाही, झाड नाही. इकडे बाहेरचा मिस्त्री आणून सिलिंडर खोलला. तुझी सीलं त्यानं काढून भंगारात फेकली, ती मी उचलून उजेडात फिरवून पाहिली. एक चरा नाही. मिस्त्रीनं नवी टाकली, बूम धरून राहिला, साहेब म्हणाले, बघा, सीलच होतं. बूम धरून राहिला तो तू फिरवलेल्या स्क्रूमुळं, हे माहीत असणारे दोघंच होते. एक वाळूत, एक काचेत.

त्यानंतर तू मला दोनदा भेटलास. दोन्हीदा स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर. दोन्हीदा तू एकच विचारलंस, बूम उतरतो का आता बरोबर? मी म्हटलं, हव. तू कप हातात धरून बसलास, चहा निवेपर्यंत. मला वाटलं टोमणा मारतोस. मी घाईचं सोंग करून निघालो. दुसऱ्यांदा तुझा चेहरा पार काळवंडलेला होता, दुपट्टा गुंडाळलेला, खिशात कांदा. म्हटलं जप, ऊन वाईट आहे. हे एवढंच म्हणालो मी तुला शेवटचं. ऊन वाईट आहे.

ऊन लागून गेला, असं सगळे म्हणतात. मे महिन्यात नागपुरात काय नवल. मी तुला त्या उन्हात पाठवलं, हे कुणी म्हणत नाही. आणि तूही म्हणाला नाहीस. म्हणून राग येतो. शिवी तरी द्यायची होतीस.

*

वरचं सगळं चार दिवसांपूर्वी लिहिलेलं आहे. ते तसंच ठेवतो. पुढचं ऐक.

परवा सकाळी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. स्क्रू, पाना, अर्धा आटा. साहेबांनी पंखा मोठा केला. म्हणाले, अहवाल वर जाऊन चार महिने झाले, गेलेला माणूस परत येणार आहे का, कशाला उकरतोस, तुझी पोरं लहान आहेत, जा, सीटवर बस. मी म्हणालो, कागदावर दौलतचं नाव आहे. ते म्हणाले, तो गेला, त्याला आता काय फरक पडतो. मी म्हणालो, माझा जबाब लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतला नाही. मी स्वतः लिहून, सही करून टेबलावर ठेवला. ते त्याचं काय करतील ते मला पक्कं माहीत आहे. सीटवर मी बसलो नाही.

तिथून तुझ्या घरी गेलो. वहिनी गहू निवडत होत्या. मी उंबऱ्याशीच बसलो आणि पुन्हा सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. माझं बोलणं संपलं तरी त्या निवडतच राहिल्या. मला वाटलं, ऐकलं नाही की काय.

मग म्हणाल्या, "मले मालूम हाय. त्याईनं त्याच दिवशी सांगतलं होतं."

मी म्हटलं, वहिनी, मग त्यानं साहेबांना का नाही सांगितलं. मला शिवी का नाही दिली.

"तुमची वाट पाहून राह्यले होते ते," वहिनी म्हणाल्या. "मी भांडली त्याईच्याशी. म्हणे, म्या सांगतलं तं तो चोर होते, त्यानं सांगतलं तं माणूस राहते. रोज कन्हानहून आले की विचारे, बबन आल्ता का. म्हणे, येते तो. त्याले टाइम लागते, पण येते."

दौलत, तू टपरीवर टोमणा मारत नव्हतास. तू चहा निववत बसला होतास.

चार महिने. चार महिने तू थांबलास आणि मी तुला ऊन वाईट आहे म्हणून सांगून घरी गेलो. वर मी लिहिलंय की तू मला न मागता माफी दिलीस. तू काहीच दिलं नव्हतंस. तू मला सीटवर बसवलं होतंस तसंच पुन्हा एकदा बसवत होतास, पायरीवर उभा राहून. तुझा राग अजून आहेच. एवढा भरवसा ठेवायचा असतो का माझ्यासारख्यावर? पण तो राग आता कुठं ठेवू ते कळत नाही.

मी रडायला लागलो तर वहिनींनी रडू दिलं नाही. सूप बाजूला ठेवून सरळ विचारलं, "गुलाबभाऊले सांगतलं का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग माह्या दारात काय करून राहिले? हात त्याईचा गेला. आधी तिकडं जा."

खरं सांगतो, गुलाबचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. तुझं नाव, माझी लाज, साहेबांचा कागद, सगळ्यावर चिडून झालं. ज्याची बोटं गेली त्याच्याकडे चार महिन्यांत मी दोनदा गेलो होतो, केळी घेऊन.

काल सकाळी सक्करदऱ्याला गेलो. गुलाब ओट्यावर बसून डाव्या हातानं दाढी करत होता, आरसा खिडकीच्या गजाला अडकवलेला. मी उभ्यानंच सांगितलं. या वेळी लवकर सांगून झालं, तिसऱ्यांदा सांगत होतो. गुलाबच्या अर्ध्या गालावर साबण होता. तो आरशातच बघत राहिला. मला वाटलं आता वस्तरा घेऊन उठतो, आणि उठला असता तर मी हललो नसतो.

तो म्हणाला, "म्या दौलतले शिव्या देल्या. तो दवाखान्यात आला होता पाहाले, म्या तोंड फिरवलं. मातीलेही नाही गेलो त्याच्या."

मी म्हटलं, गुलाब, मला दे शिव्या.

त्यानं उरलेली दाढी केली. तोंड धुतलं, आत जाऊन सदरा घातला. उजव्या हातानं बटणं लागत नाहीत त्याला. मी पुढे झालो तर त्यानं कोपरानं मला बाजूला केलं आणि आत हाक मारली. बायकोनं येऊन बटणं लावली. मग चपला घालून तो चालायला लागला. तो पुढे, मी मागे. बसमध्ये जागा होती तरी तो माझ्याजवळ बसला नाही.

तुझ्या घरी वहिनींनी त्याला पाणी दिलं. ते त्यानं घेतलं नाही. सरळ तुझ्या फोटोपुढे गेला. फोटोला हार होता, तो सुकला होता. गुलाबनं दोन्ही हात जोडले, एक अख्खा आणि एक अर्धा, आणि डोकं भिंतीला टेकून मोठ्यानं रडला. वहिनी त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. गल्लीतली माणसं दारात जमली. काय झालं, काय झालं, असं विचारायला लागली.

गुलाबनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. म्हणाला, "सांग त्याईले."

मी सांगितलं. या वेळी माइक नव्हता. मागचे म्हणाले ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं.